संत ज्ञानेश्वर

संत ज्ञानेश्वर (जन्म: श्रावण वद्य अष्टमी, शके ११९७, इ.स. १२७५, आपेगाव, समाधी: कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, इ.स. १२९६, आळंदी) हे तेराव्या शतकातील मराठी संत, कवी, योगी व तत्त्वज्ञ होते. ज्ञानदेव, ज्ञानोबा व माउली या नावांनीही ते ओळखले जातात. भगवद्गीतेवरील ज्ञानेश्वरी अथवा भावार्थदीपिका ही ओवीबद्ध टीका, अमृतानुभव हा तत्त्वचिंतनपर ग्रंथ, चांगदेव पासष्टी, हरिपाठ व अभंग ही त्यांच्या नावावरील प्रमुख रचना होय. नाथपंथाची दीक्षा घेतलेल्या ज्ञानेश्वरांना वारकरी संप्रदायाचे आद्य प्रवर्तक मानले जाते. पुण्यापासून जवळ, इंद्रायणीकाठी असलेल्या आळंदी येथील त्यांची समाधी हे महाराष्ट्रातील एक प्रमुख तीर्थक्षेत्र आहे. दरवर्षी आषाढी एकादशीनिमित्त त्यांच्या पादुकांची पालखी पुणे शहरातून पंढरपूरला जाते.

ज्ञानेश्वरांच्या आयुष्याविषयी समकालीन राजकीय दस्तऐवज किंवा शिलालेख यांतून फारशी माहिती मिळत नाही. त्यांच्या ग्रंथांतील मोजके उल्लेख, नामदेवांच्या नावावरील आदी, तीर्थावळी व समाधी ही अभंगप्रकरणे आणि पुढील काळातील संतचरित्रे ही चरित्राची मुख्य साधने आहेत. त्यामुळे या चरित्रात इतिहास व आख्यायिका एकमेकांत मिसळल्या आहेत.

== पार्श्वभूमी ==

ज्ञानेश्वरांचा काळ हा देवगिरीच्या यादवांच्या राजवटीचा अखेरचा टप्पा होता. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस रामचंद्र या यादव राजाचा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली त्याच वर्षी, म्हणजे इ.स. १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली. त्यानंतर दोन-तीन दशकांतच यादवांचे राज्य संपुष्टात आले.

या काळात धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान यांची प्रतिष्ठित भाषा संस्कृत होती. यादवांचा मंत्री हेमाद्री याचा चतुर्वर्गचिंतामणी हा व्रते, दाने व प्रायश्चित्ते यांचा विस्तृत ग्रंथ याच काळातील आहे. मराठीत ग्रंथरचना सुरू झाली होती. मुकुंदराजांचा विवेकसिंधू परंपरेनुसार बाराव्या शतकातील मानला जातो, तर चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने लीळाचरित्राच्या रूपाने मराठी गद्याचा पाया घातला. म्हणून ज्ञानेश्वरी हा मराठीतील पहिला ग्रंथ नव्हे. मात्र गीतेसारख्या सर्वमान्य ग्रंथाचा अर्थ इतक्या विस्ताराने व काव्यमय रीतीने लोकभाषेत मांडण्याचा हा सर्वांत प्रभावी आरंभीचा प्रयत्न होता.

== कुटुंब व बालपण ==

ज्ञानेश्वरांचे घराणे पैठणजवळील आपेगाव येथील कुलकर्ण्यांचे होते. आजोबांचे नाव गोविंदपंत व आजीचे नाव निराई होते. वडील विठ्ठलपंत हे विरक्त वृत्तीचे होते. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले असता तेथील सिधोपंतांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. काही काळ संसार केल्यानंतर विठ्ठलपंत काशीस गेले व पत्नी असल्याचे गुरूंना न सांगता त्यांनी संन्यास घेतला. या गुरूंची नावे निरनिराळ्या चरित्रांत निरनिराळी आढळतात. त्यांपैकी रामानंद हे नाव सर्वाधिक प्रचलित आहे.

परंपरेनुसार, पुढे हे गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले. अश्वत्थाला प्रदक्षिणा घालणाऱ्या रुक्मिणीने त्यांना नमस्कार केला, तेव्हा त्यांनी तिला पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. तिचा पती संन्यासी झाल्याचे कळताच त्यांनी काशीस परतून विठ्ठलपंतांना पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारण्याची आज्ञा केली. आळंदीच्या समाधिमंदिराच्या आवारातील अश्वत्थ सुवर्णपिंपळ या नावाने याच प्रसंगाशी जोडला जातो.

संन्याशाने संसारात परतणे धर्मशास्त्राला मान्य नव्हते. त्यामुळे ब्रह्मवृंदाने या कुटुंबास वाळीत टाकले. या बहिष्कृत अवस्थेत निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ता ही चार अपत्ये जन्मली. प्रचलित कालगणनेनुसार त्यांचे जन्म अनुक्रमे शके ११९५, ११९७, ११९९ व १२०१ मधील आहेत. जनाबाईंच्या नावावरील एका अभंगाच्या आधारे काही अभ्यासक ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९३ (इ.स. १२७१) मधील मानतात. जन्मस्थान आपेगाव की आळंदी याबाबतही मतभेद आहेत.

मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा विठ्ठलपंतांनी प्रायश्चित्ताची विचारणा केली. या अपराधाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असा निर्णय मिळाल्यावर विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांनी प्रयाग येथे जलसमाधी घेतली, असे चरित्रकार सांगतात. मुलांना समाजात स्थान मिळावे म्हणून केलेल्या या देहत्यागानंतरही मुलांवरील बहिष्कार उठला नाही.

== नाथपंथाची दीक्षा ==

आईवडील हयात असताना हे कुटुंब त्र्यंबकेश्वर येथे काही काळ राहिले होते. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असताना वाघाच्या भीतीने सर्वांची पांगापांग झाली व निवृत्ती एका गुहेत शिरले. तेथे त्यांना गहिनीनाथांची भेट होऊन उपदेश मिळाला, अशी कथा आहे. पुढे निवृत्तिनाथांनी ज्ञानदेव, सोपान व मुक्ता यांना दीक्षा दिली. थोरला भाऊच ज्ञानेश्वरांचा गुरू झाला.

आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ व निवृत्तिनाथ ही आपली गुरुपरंपरा ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस नोंदविली आहे. या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीच्या जागृतीचे सविस्तर वर्णन नाथपंथीय योगाशी असलेला त्यांचा निकट संबंध दाखविते. निवृत्तिनाथांविषयीची कृतज्ञता ज्ञानेश्वरीच्या अनेक अध्यायांच्या आरंभी व अखेरीस व्यक्त झाली आहे.

== पैठण व नेवासे ==

शुद्धिपत्र मिळविण्यासाठी ही चारही भावंडे पैठणला गेली. पैठण हे त्या काळी धर्मनिर्णयाचे प्रमुख केंद्र होते. तेथील सभेत सर्व प्राणिमात्रांत एकच आत्मा असल्याचे ज्ञानेश्वरांनी प्रतिपादन केले. तेव्हा कोणीतरी जवळून चाललेल्या रेड्याकडे बोट दाखवून त्यांची थट्टा केली. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवताच तो वेदमंत्र म्हणू लागला, ही त्यांच्याविषयीची सर्वाधिक प्रसिद्ध आख्यायिका आहे. पैठणचा नागघाट हे या प्रसंगाचे स्थळ मानले जाते. या रेड्याची समाधी पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आळे येथे दाखविली जाते व तेथे यात्रा भरते. ज्या मुलांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला गेला, त्यांच्या बाजूने रेड्याने वेद म्हणावा, हा या कथेचा रोख आहे.

पैठणहून ही भावंडे प्रवरेकाठच्या नेवासे येथे आली. तेथे सती जाण्यास निघालेल्या एका स्त्रीला ज्ञानेश्वरांनी आशीर्वाद दिला व तिचा मृत पती सच्चिदानंद उठून बसला, अशी आख्यायिका आहे. याच सच्चिदानंदबाबांनी ज्ञानेश्वरीचे लेखन केले. ग्रंथाच्या शेवटी येणाऱ्या ओवीत शके १२१२ (इ.स. १२९०) हे रचनावर्ष व सच्चिदानंदांचे नाव आले आहे. प्रचलित जन्मशकानुसार ज्ञानेश्वरांचे वय त्या वेळी अवघे पंधरा वर्षांचे होते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ग्रंथ सांगितला, तो पैस या नावाने नेवासे येथे आजही पूजिला जातो.

== साहित्य ==

=== ज्ञानेश्वरी ===

गीतेच्या अठरा अध्यायांतील सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांमध्ये ज्ञानेश्वरांनी टीका केली. ओवी हा जात्यावरच्या गीतांतून बायकांच्या तोंडी असलेला छंद होय. तो त्यांनी तत्त्वचर्चेसाठी वापरला. शेती, नदी, पाऊस, दिवा, सावली, आई व मूल अशा रोजच्या अनुभवांतील दृष्टान्तांची मालिका हे या टीकेचे वैशिष्ट्य आहे. हा ग्रंथ श्रोत्यांसमोर सांगितलेला असल्याने त्यात श्रोत्यांशी संवाद, त्यांची आर्जवे व त्यांची शाबासकी यांनाही स्थान आहे.

गीता ही स्त्रिया व शूद्र यांनाही खुली असल्याचे ज्ञानेश्वर आवर्जून सांगतात. नवव्या अध्यायावरील भाष्यात ओढे-नाले गंगेला मिळेपर्यंतच वेगळे असतात, तसा जातीचा भेद भक्ती जडेपर्यंतच उरतो, असा दृष्टान्त येतो. त्याच वेळी, वर्णांनी आपापली विहित कर्मे करावीत ही गीतेतील चौकट त्यांनी नाकारलेली नाही. या दोन भूमिकांतील ताणामुळे त्यांच्या सामाजिक विचारांचे मूल्यमापन पुढे वादाचा विषय ठरले.

ग्रंथाच्या शेवटच्या नऊ ओव्या पसायदान म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांत कवीने स्वतःसाठी काही न मागता दुष्टांची दुष्ट बुद्धी जावी, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी व सर्व प्राण्यांत मैत्री नांदावी असे मागणे मागितले आहे. महाराष्ट्रातील शाळांमध्ये ही प्रार्थना म्हणून म्हटली जाते.

=== इतर रचना ===

अमृतानुभव अथवा अनुभवामृत हा दहा प्रकरणांचा व सुमारे आठशे ओव्यांचा स्वतंत्र ग्रंथ आहे. शिव व शक्ती यांचे ऐक्य, शब्दाची मर्यादा व अज्ञान या संकल्पनेचे खंडन हे त्याचे विषय होत. जग हा भ्रम नसून चैतन्याचाच विलास आहे, अशी त्यातील भूमिका असल्याने अभ्यासक तिला चिद्विलासवाद म्हणतात.

चांगदेव पासष्टी हे पासष्ट ओव्यांचे पत्र आहे. योगी चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहिण्याचे ठरविले; परंतु वयाने लहान व ज्ञानाने मोठ्या व्यक्तीला कोणत्या मायन्याने संबोधावे हे न सुचल्याने त्यांनी कोराच कागद पाठविला, असे सांगतात. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्याला उत्तर लिहिले. हरिपाठातील अभंग नामस्मरणाचा महिमा सांगतात व वारकऱ्यांच्या नित्यपाठात त्यांचा समावेश आहे. विराण्या, गौळणी व अन्य अभंगही ज्ञानेश्वरांच्या नावावर आहेत.

== आळंदीतील आख्यायिका ==

चौदाशे वर्षे जगलेले चांगदेव वाघावर बसून व हातात सापाचा चाबूक घेऊन आळंदीस आले, तेव्हा ही भावंडे एका भिंतीवर बसली होती. ज्ञानेश्वरांनी ती निर्जीव भिंतच चालवून चांगदेवांची भेट घेतली व त्यांचा गर्व हरला. ही भिंत आळंदीत भाविकांना दाखविली जाते. चांगदेवांची समाधी गोदावरीकाठी पुणतांबे येथे आहे.

दुसरी कथा मुक्ताबाईंच्या मांड्यांची आहे. आळंदीतील विसोबाने कुंभारांना या भावंडांस खापर देण्यास मनाई केली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी प्रज्वलित केला व मुक्ताबाईंनी त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. हे पाहून विसोबा शरण आले. हेच विसोबा खेचर पुढे नामदेवांचे गुरू झाले, असे परंपरा मानते. लोकनिंदेने व्यथित होऊन झोपडीची ताटी लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांची धाकट्या मुक्ताबाईंनी समजूत घातली. ते अभंग ताटीचे अभंग म्हणून ओळखले जातात. या कथांतून समाजाने केलेल्या छळाची स्मृती टिकून राहिली आहे.

== तीर्थयात्रा व समाधी ==

ज्ञानेश्वर पंढरपूरला गेले व तेथे त्यांची नामदेवांशी भेट झाली. दोघांनी अन्य संतांसह उत्तरेकडील तीर्थांची यात्रा केल्याचे वर्णन तीर्थावळीच्या अभंगांत आहे. नाथपंथी योगी व विठ्ठलभक्त शिंपी यांच्या या मैत्रीला वारकरी परंपरेत मोठे महत्त्व आहे.

यात्रेनंतर ज्ञानेश्वरांनी समाधी घेण्याचा निश्चय केला. कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथे सिद्धेश्वराच्या देवळाजवळ सिद्ध केलेल्या विवरात ते आसनस्थ झाले व निवृत्तिनाथांनी विवराच्या तोंडाशी शिळा लावली, असे समाधीच्या अभंगांत वर्णन आहे. प्रचलित गणनेनुसार त्या वेळी ते एकवीस वर्षांचे होते. नामदेवांच्या नावावरील या अभंगांत शिष्याला निरोप देणाऱ्या गुरूचा व भाऊ गमावणाऱ्या ज्येष्ठ बंधूचा शोक एकत्र आला आहे. वारकरी या घटनेस संजीवन समाधी मानतात. म्हणजे ज्ञानेश्वर तेथे देहासह समाधिस्थ आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे.

त्यानंतर थोड्याच काळात इतर भावंडांचेही निर्वाण झाले. सोपानदेवांची समाधी पुणे जिल्ह्यातील सासवड येथे व निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वर येथे आहे. मुक्ताबाई तापीकाठच्या मेहूण परिसरात अंतर्धान पावल्या असे मानतात. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरचे नाव त्यांच्यावरून पडले आहे.

== उपासना व परंपरा ==

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरांची स्मृती व ग्रंथ या दोहोंना उजाळा दिला. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागल्याचे ज्ञानेश्वरांनी स्वप्नात सांगितले, म्हणून एकनाथ आळंदीस गेले व त्यांनी समाधीचे स्थान शोधले, अशी कथा आहे. हस्तलिखितांत शिरलेले अपपाठ दूर करून त्यांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आज प्रचलित असलेल्या बहुतेक प्रती याच पाठावर आधारलेल्या आहेत. अठराव्या शतकात महिपतींच्या भक्तविजयाने ज्ञानेश्वरांच्या आख्यायिका कीर्तनकारांमार्फत गावोगावी पोहोचविल्या.

वारकरी ज्ञानेश्वरांना माउली, म्हणजे आई, म्हणतात व एकमेकांनाही याच शब्दाने हाक मारतात. बहिणाबाईंच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात वारकरी पंथाला देवळाची उपमा देऊन त्याचा पाया रचण्याचे श्रेय ज्ञानदेवांना दिले आहे. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत. कार्तिक वद्य पक्षात आळंदीची यात्रा भरते व त्रयोदशीस समाधिसोहळा साजरा होतो.

=== पालखी सोहळा ===

तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात देहू व आळंदी येथील पादुका एकत्र पालखीत ठेवून पंढरपूरला नेण्याची प्रथा सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांचा स्वतंत्र पालखी सोहळा सुरू केला. साताऱ्याकडील आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी होते. दिंड्यांचा क्रम, भजनाची शिस्त व मुक्काम यांची त्यांनी घालून दिलेली घडी आजही पाळली जाते. आळंदीच्या महाद्वारातील पायरी त्यांच्या नावाने ओळखली जाते. सोहळ्यातील अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथील शितोळे घराण्याकडून येतात.

ज्येष्ठ वद्य पक्षात आळंदीहून निघालेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर व वाखरी या मार्गाने पंढरपूरला पोहोचते. वाटेत निरा नदीत पादुकांना स्नान घातले जाते व ठिकठिकाणी रिंगण होते.

== पुणे शहर आणि ज्ञानेश्वर ==

ज्ञानेश्वर व तुकाराम या दोघांच्या पालख्या पुण्यात एकाच सुमारास येतात. ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मुक्काम भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात, तर तुकारामांच्या पालखीचा नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात असतो. शहरातील संस्था, मंडळे व रहिवासी वारकऱ्यांच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था करतात. पुण्याहून पुढे ज्ञानेश्वरांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. पुण्यात वास्तव्य असलेल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी या वारीत चालून वाटचाल हा लेख लिहिला. वारीतील आपुलकीबरोबरच जातवार वेगळ्या असलेल्या दिंड्यांचीही त्यांनी त्यात नोंद केली.

ज्ञानेश्वरांचा आधुनिक अभ्यासही मोठ्या प्रमाणावर पुण्यात झाला. इ.स. १८९८–९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी सुधारक या पुण्याच्या साप्ताहिकात भारद्वाज या नावाने लेख लिहून ज्ञानदेव दोन होते असे मत मांडले. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा उल्लेख नाही, अभंगांत मात्र विठ्ठलभक्ती ओतप्रोत आहे व दोहोंची भाषाही भिन्न आहे, म्हणून ज्ञानेश्वरीकार आपेगावचे व अभंगकार आळंदीचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. यावर मोठा वाद झाला. मौखिक परंपरेत अभंगांची भाषा बदलत गेली, तसेच गीतेवरील टीका व भजन यांची प्रयोजने वेगळी असतात, असे उत्तर विरोधकांनी दिले. बहुतेक अभ्यासक आज एकच ज्ञानेश्वर मानतात. तथापि सर्वच अभंग त्यांचे नाहीत हेही सामान्यतः मान्य केले जाते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व वाटणाऱ्या हस्तलिखितावरून इ.स. १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी संपादित केली व तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. पुण्याचे विष्णुबुवा जोग यांनी इ.स. १९१७ मध्ये आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या परंपरेतील शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर हे स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी घरोघरी वाचली गेली. गुरुदेव रा. द. रानडे यांनी ज्ञानेश्वरांचा अनुभववादी तत्त्वज्ञ म्हणून अभ्यास केला. प्रभात फिल्म कंपनीने इ.स. १९४० मध्ये संत ज्ञानेश्वर हा बोलपट पुण्यात तयार केला. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात शाहू मोडक यांनी ज्ञानेश्वरांची भूमिका केली होती.

== मूल्यमापन ==

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली व तिच्यात मराठी समाजाच्या एकीकरणाची बीजे पाहिली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र ज्ञानेश्वरांसह ब्राह्मण ग्रंथकारांवर टीका करून, त्यांच्या लेखनाने शूद्रातिशूद्रांची गुलामी दूर झाली नाही, असा आक्षेप घेतला. पुढील अभ्यासकांपैकी काहींनी ज्ञानेश्वरांच्या बंडखोरीवर, तर काहींनी त्यांच्या समन्वयवादी भूमिकेवर भर दिला. ज्ञानेश्वरांनी जातिव्यवस्था मोडली नाही. परंतु अध्यात्मज्ञान व भक्तीचा अधिकार त्यांनी जन्मावर अवलंबून ठेवला नाही. नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, चोखामेळा व जनाबाई या त्या पिढीच्या आसपासच्या संतांनी हाच अधिकार आपापल्या अभंगांतून बजावला. बहिष्कृत कुटुंबातील मुलाने सांगितलेला ग्रंथ वारकरी घरांत पूजिला जातो व ज्ञानोबा-तुकाराम हा घोष भजनाच्या आरंभी आणि शेवटी केला जातो.